ताप उतरल्यावरचा घोर

भादवा लागला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. लोकांना ताप चढला की घोर लागतो, मला तो उतरला की लागतो. काल जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या माझ्या दवाखान्यात एक आई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आली. मुलगी मलूल, पण आईचा चेहरा फुललेला आणि हातात पेढ्यांचा पुडा. "डॉक्टर दीदी, पहले मुँह मीठा कीजिए. सुबह से बुखार नहीं है." मी पेढा घेतला, कागदावर ठेवला आणि पोरीचा हात हातात घेऊन तिच्या बोटाचं नख दाबलं. आईचा चेहरा पडला. शुभकार्याच्या घरात नेमकी शिंकणारी एखादी बाई असते, तशी मी दर वर्षी या दिवसांत होते. पोरीच्या नखाखाली रंग झटकन परत आला, हात ऊबदार होते, तरी मी त्यांना लगेच सोडलं नाही. बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, पाणी पाजलं, पोट दुखतं का, मळमळतं का, लघवी कधी झाली, असं पुन्हापुन्हा विचारलं. शेवटी माझा कंपाउंडर त्या आईची समजूत घालताना ऐकू आला, "घबराइए मत, बच्ची ठीक है. मैडम का ही मौसम खराब चल रहा है."

खोटं नाही बोलला तो. पाऊस जातोय असं वाटून परत येतो, मध्येच ऊन पडलं की रस्त्यातून वाफ निघते, आणि उन्हाळा कधीच संपलेला असूनही गावातल्या खिडक्याखिडक्यांना कूलर तसेच टांगलेले असतात, तळाशी पाणी धरून. येताजाता मला ते कूलर दिसतात. कुणाच्या घरी बसायला गेले की माझं लक्ष चहाकडे कमी आणि फ्रिजच्या मागच्या ट्रेकडे जास्त. माझा नवरा म्हणतो, तू या दिवसांत माणसांशी बोलत नाहीस, त्यांच्या बोटांशी बोलतेस. त्याचंही खरं आहे. बोलता बोलता समोरच्याचं नख दाबून पाहायची खोड मला लागली ती लागलीच. एकदा बँकेत सही करताना काउंटरपलीकडच्या मुलीचं नख दाबलं होतं, ती दचकली.

हल्ली लोकांना डेंग्यूतलं एकच कळतं, प्लेटलेट. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा सगळे तो आकडा विचारतात. पपईच्या पानांचा रस पिऊन पोरं ओकतात, बकरीच्या दुधाला सोन्याचा भाव येतो, आणि काका-मामा रक्त द्यायला हात पुढे करून उभे. त्या आकड्यापेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ती कुठल्या रिपोर्टात आधी येत नाही. ती मला शिकवली आमच्या सरांनी, इथल्याच मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात, मी एम.डी. करत असतानाच्या एका पावसाळ्यात. त्याला आता तिसेक वर्षं झाली असतील.

त्या वर्षी तापाचा असा काही जोर होता की वॉर्डातल्या खाटा संपून माणसं व्हरांड्यात आली होती. फिनेलचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, कुणाच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास. सर होते उंच, किडकिडीत, सदा घाईत. त्यांना एक प्रश्न छळत होता. या तापात माणूस शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचं रक्त अंगभर पोचेनासं होतं, तर ते आधी कुठे कळेल, ब्लडप्रेशरच्या यंत्रावर की बोटाच्या टोकावर? त्यांचं मत पक्कं होतं. "मशीन बाद में बोलती है, उँगली पहले." पण मत म्हणजे पुरावा नव्हे, हेही तेच सांगायचे. म्हणून आम्ही रोज प्रत्येक रोग्याचं नख दाबायचो, सोडायचो आणि पांढरं पडलेलं नख परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचो, लगोलग प्रेशरही घ्यायचो. ऐकायला पोरखेळ. करायला गेलं की वैताग.

कारण बोटं कुठे सारखी असतात? विड्या वळणाऱ्या बायांची बोटं तंबाखूनं पिवळी. सराफ्यातल्या कारागिरांच्या बोटांची टोकं भाजून भाजून इतकी जाड की दाबलं तरी पांढरी पडत नसत. कोचिंग क्लासच्या पोरींच्या नखांना रंग, नव्या सुनांच्या नखांना मेंदी. आणि पाऊस पडला, वारा सुटला, पंख्याखालची खाट मिळाली की भल्याचंगल्या माणसाचंही नख रेंगाळायचं. सर चिडायचे. "ठंडे हाथ का भरोसा मत करो. पहले सोचो, ठंडा क्यों है." यावर त्यांनीच तोड काढली. रोग्याचं नख दाबलं की त्याच्या उशाशी बसलेल्या सोबत्याचंही दाबायचं. तोच वारा, तोच ओलावा, तीच वेळ. सोबत्याचं नख झटकन भरलं आणि रोग्याचं रेंगाळलं, तर दोष हवेचा नाही. लोकांची मात्र करमणूक व्हायची. "अरे डॉक्टरनी जी, हमको क्या हुआ है?" म्हणत म्हातारे बोट पुढे करायचे, आणि मग शेजारच्या खाटेवरचाही म्हणायचा, हमारा भी देख लो. त्याच म्हाताऱ्यांनी मला आणखी एक शिकवलं, की वय झालं की धडधाकट माणसाचंही नख सावकाश भरतं.

हा शॉक मला तेव्हा फार अन्यायाचा वाटायचा, अजूनही वाटतो. रक्त सांडलेलं दिसत नाही, जखम नाही, काही नाही. रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात, एवढंच. रक्तातलं पाणी झिरपून पोटात, छातीत जाऊन बसतं, आणि नळ्यांत उरतं ते दाट, थोडं, कसंबसं फिरणारं. मग शरीर काटकसर करतं. मेंदू आणि हृदय सांभाळायचं म्हणून हातापायांचा पुरवठा आधी तोडतं. हात गार पडतात, नख पांढरं राहतं, आणि यंत्रावरचा वरचा आकडा मात्र अजून शहाण्यासारखा जागेवर असतो. माणूस शुद्धीत असतो, बोलतो, हसतो, घरी कधी सोडणार म्हणून विचारतो. आणि हे सगळं होतं ते ताप चढलेला असताना नाही, ताप उतरताना. जगातल्या कुठल्या आईला हे पटेल? घाम येऊन अंग निवलं की आपल्याकडे देवापुढे साखर ठेवतात, पोराला न्हाऊ घालतात.

एक सुतार होता, माझ्याच वयाचा. ताप उतरला म्हणून हट्टानं घरी गेला, दाढी केली, आंघोळ केली, आणि संध्याकाळी त्याच्या भावांनी त्याला बाजेवर घालून आणला. मला पाहून म्हणाला, "कुछ नहीं मैडम, बस कमज़ोरी है." तो गेला. मी त्याच्या बायकोसमोर उभी राहू शकले नाही, जिन्याखाली जाऊन रडले. तेव्हापासून ताप उतरला हे शब्द ऐकले की माझा हात आधी रोग्याच्या नखाकडे जायला लागला.

मी राहायची दीक्षितपुऱ्यात, बाबांच्या चुलतभावाच्या घरी. काका वर्षातला बराच काळ गावाकडच्या शेतीवर. घरात काकू आणि त्यांचा एकुलता मुलगा शेखरदादा. हे घर मूळचं अमरावतीकडचं. प्रांत तुटले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, बरीच नातलग मंडळी नागपूरला सरकली, ही माणसं नाही हलली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भांडण तापलं की शेखरदादा उंबऱ्याच्या आतही हिंदीत भांडायचा. काकूंचं मात्र काही बदललं नव्हतं, विशेषतः महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या, बाबतीत. भादव्यातल्या त्या तीन दिवसांसाठी त्या वर्षभर जगायच्या म्हटलं तरी चालेल. त्यांच्या घरचा कुळाचार असा, की तुळशीपासून देवघरापर्यंत महालक्ष्म्या आणायच्या त्या ओलेत्यानं. विहिरीच्या पाण्यानं आंघोळ करायची, अंगावरचं लुगडं ओलंच ठेवायचं आणि तसंच थेट मुखवटे हातात घ्यायचे. एकदा सोवळ्यात गेलं की कुणी शिवायचं नाही. थोरली आणायची सासूनं, धाकटी सुनेनं. शेखरदादाचं लग्न होईस्तोवर काकू एकट्याच दोन खेपा करायच्या आणि दर वर्षी म्हणायच्या, "पाहू, पुढच्या साली तरी." त्या वैशाखात लग्न झालं. वृंदावहिनी आली, नागपूरची, हसरी, माझ्याहून वर्षभरानं लहान. तिला वहिनी म्हणताना आम्हा दोघींनाही हसू यायचं. श्रावण संपला तेव्हापासून काकूंच्या तोंडी एकच, यंदा आपल्याकडे दोघी आहेत.

आणि यंदाच वहिनीला ताप आला. डोळे लाल, हाडं फुटल्यासारखी दुखणारी, अंगावर पुरळ. मी तिला आमच्याच वॉर्डात आणून टाकलं. काकू रोज डबा घेऊन यायच्या, खाटेच्या कडेला बसायच्या. डॉक्टरनं वहिनीचं नख दाबलं की सोबतीण म्हणून काकूंनीही बोट पुढे करावं एवढीच त्या खोलीतली गंमत. त्यांचं बोट माझ्याऐवजी बहुधा दुसरीच कुणी निवासी डॉक्टर पाहायची, माझी पाळी बाहेरच्या ओपीडीत असायची. जाताना मी रोज बजावायची, काकू, ताप उतरला तरी इथून हलवायचं नाही, तेच दिवस वाईट असतात. काकू मान डोलवायच्या. शेखरदादानं मला मागाहून सांगितलं, घरी गेल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टर लोकांचं काय, त्यांना तर माणूस झोपलेलाच आवडते."

आवाहनाच्या दिवशी दुपारी ओपीडी आटोपून वर आले तर वहिनीची खाट रिकामी. चादर नीट घडी करून ठेवलेली. पलीकडच्या खाटेवरची बाई उत्साहानं म्हणाली, "बुखार उतर गया ना, तो सास लिवा ले गईं. घर में पूजा है, बोलीं शाम को वापस छोड़ जाएँगे." मला तिचा रागच आला, त्या बिचारीचा काय दोष. मी एप्रनसकट खाली धावले आणि ऑटोत बसले. वाटेत जागोजाग गणपतीचे मंडप, वर्गणीवाली पोरं दोर आडवा धरून उभी, कुठे लाउडस्पीकर, कुठे ट्रक अडकलेला. ऑटोवाला निवांत. मी पुढे वाकून म्हटलं, भैया, जरा जल्दी. तो म्हणाला, "दीदी, उड़ के जाऊँ क्या?" मी स्वतःचंच नख दाबत बसले होते. ते भरायचं, मी परत दाबायची.

घरात पाऊल टाकलं तर पुरणाचा वास, उदबत्ती, घंटा, आणि अंगणभर बायका. तुळशीपासून दारापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. तुळशीजवळ काकू आणि वहिनी शेजारीशेजारी उभ्या, दोघींच्या अंगावर निथळणारी हिरवी लुगडी, केसांतून पाणी गळतंय, हातांत तबकं आणि तबकांत मुखवटे. वहिनी मला पाहून हसली. खरं सांगते, ती फार सुंदर दिसत होती. आजारातून उठलेलं माणूस न्हाल्यावर दिसतं तशी, नितळ.

"आली का गं," काकू म्हणाल्या, "तिथंच थांब. हॉस्पिटलातून आली नं तू, शिवू नको कोणाला. हातपाय धू अन् घंटी वाजव."

"काकू, हिला काहून आणलं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

"बाप्पा! ताप तर सकाळीच उतरला. पाह्य, कशी उभी राहून राहिली ती. गुरुजींनी वेळ सांगितली आहे, निघून जाईल. मंग ने तू तिला, कोण नाही म्हणते?"

मी वहिनीला विचारलं, पोट दुखतं का. "थोडंसं," ती म्हणाली, "पुरणाच्या वासानं मळमळून राहिलं फक्त. तू काहून घाबरून राहिली? मी मस्त आहे." आणि परत हसली. त्या हसण्यानं मला सुतार आठवला. मी पुढे झाले आणि तिचा हात धरला.

बायकांमध्ये एकच गलका झाला. अगं शिवली, शिवली! गुरुजी आतून ओरडले, काय झालं? काकू जागच्या जागी थिजल्या. वहिनीचा हात बर्फ होता. नख दाबलं, सोडलं. ते पांढरंच. मी वाट पाहत राहिले आणि रंग कडेकडेनं, अगदी नाखुशीनं आत आला. नाडी बारीक आणि भराभर.

आणि तरीही मला कळत नव्हतं! हे कुणाला सांगून पटत नाही. भादव्यातलं विहिरीचं पाणी, अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, वर वारा, सकाळपासूनचा उपास, नव्या नवरीची धाकधूक. हात गार का, याची उत्तरं ढीगभर होती आणि सगळी निरुपद्रवी. प्रेशरचं यंत्र वॉर्डात. ती बोलत होती, हसत होती, उभी होती. मी या घरचा वर्षानुवर्षं वाट पाहिलेला मुहूर्त मोडणार, आणि वॉर्डात गेल्यावर कळणार की पोरगी नुसती गारठली होती? काकूंनी मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं. सरांचा आवाज डोक्यात, ठंडा क्यों है, पहले सोचो. मी भोवती पाहिलं. अंगणातल्या सगळ्या बायका कोरड्या, शालू-पैठण्या नेसलेल्या. वहिनीइतकं ओलं तिथे एकच माणूस होतं.

"काकू, बोट द्या."

"मी सोवळ्यात आहे," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, विनवणी होती.

"तुम्ही सोवळ्यात आहात म्हणूनच मागतेय."

त्यांना ते समजलं. वॉर्डातला तो खेळ त्यांनी रोज खेळला होता. पण समजणं वेगळं आणि बोट पुढे करणं वेगळं. मी त्यांना शिवले की थोरलीही गेली. परत आंघोळ, परत सगळं, तोवर वेळ टळलेली, आणि कुळाचार मोडला की घरावर काय येतं याच्या गोष्टी त्यांनीच मला सांगितल्या होत्या. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, राहू द्या हो, पोरगी खुळी आहे. काकूंनी तबक डाव्या हातात घेतलं, छातीशी धरलं, आणि उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे केलं.

त्यांचाही हात गारच होता, पाणी टपकत होतं. मी नख दाबलं. सोडलं. आणि रंग आला, लगेच, गुलाबी. मी परत दाबलं, परत आला. मग काकूंनी माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं, आपल्या हातानं सुनेचं नख दाबलं आणि वाकून पाहत राहिल्या. ते पांढरं होतं. अजून पांढरं होतं.

"शेखर!" काकू ओरडल्या, "ऑटो बुलाव! फौरन!"

वहिनीचं तबक कुणी घेतलं मला आठवत नाही. धाबळीत गुंडाळून तिला ऑटोत घातली तेव्हा ती अजून म्हणत होती, अगं, होऊन जाऊ दे नं, इतक्या वर्षांनी. नेपियर टाउन ओलांडेस्तोवर तिचं बोलणं तुटायला लागलं. मान माझ्या खांद्यावर आली. शेखरदादा पुढे बसून ऑटोवाल्यावर हिंदीत ओरडत होता आणि मध्येच माझ्याकडे वळून मराठीत विचारत होता, "ती झोपली आहे नं? झोपलीच आहे नं?" वॉर्डात पोचलो आणि यंत्र लावलं, तेव्हा वरचा आणि खालचा आकडा एकमेकांना चिकटलेले, म्हणजे शॉकच. सर म्हणाले, "ठीक समय पर लाई हो. बस, ठीक समय पर." सलाइन धो धो सुरू झालं.

पुढचे दिवस मी धड बसलेली आठवत नाही. पाणी कमी पडलं तरी जीव जातो, जास्त झालं तर ते फुप्फुसात साचून जीव जातो, आणि या दोन्हींच्या मधली वाट अगदी चिंचोळी. मी नख दाबायची, शेखरदादा माझ्या तोंडाकडे पाहायचा. घरी काकूंनी परत विहिरीवर आंघोळ करून, वेळ टळून गेल्यावर, एकटीनं दोन खेपा करून महालक्ष्म्या आणल्या असं कळलं. गुरुजी नाराज होते. मग एका सकाळी वहिनीचे पाय ऊबदार लागले आणि तिला भरपूर लघवी झाली. मी व्हरांड्यात पळत जाऊन शेखरदादाला मोठ्यानं हे सांगितलं आणि आम्ही दोघंही हसत रडत राहिलो. आसपासच्या लोकांना वाटलं, यांच्याकडे मुलगा झाला. पाझरलेलं पाणी परत रक्तात यायला लागलं होतं. अंगणातलं ते नख सरांनी अभ्यासात घेतलं नाही. "घर का केस है, वॉर्ड के बाहर का है, गिनती में नहीं आएगा," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. आता ती सासू आहे, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते, ओलेतं तिनं कधीच बंद केलं, रेशमी नेसते. पण दर वर्षी मला बोलावणं करायला चुकत नाही. "तू आल्याबिगर आवाहन नाही करत मी, माहीत आहे नं? परवा सुनेला सांगून राहिली होती, या बाईनं नुसता हात धरला अन् ओळखलं." मी हो हो म्हणून फोन ठेवला आणि उगाच घरभर फिरत राहिले. भाजी फोडणीला टाकून गॅस बंद करायला विसरले. तिच्या या वाक्यानं दर वर्षी माझं असंच होतं.

त्या वर्षी विसर्जनानंतरच्या दुपारी काकू वॉर्डात आल्या होत्या. वहिनी गाढ झोपली होती, घोरत होती चक्क. काकूंनी प्रसादाचा डबा ठेवला आणि स्टूल माझ्याजवळ ओढलं. मला वाटलं, आता मोडलेल्या सोवळ्याबद्दल बोलतील, आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

"एक विचारू का गं?" त्या म्हणाल्या. "माझंही नख तसंच पांढरं राहिलं असतं, मंग?"

काकू साठी ओलांडलेल्या. त्या वयाचं नख, विहिरीच्या पाण्यातून निघालेलं. ते रेंगाळलं असतं तर त्यात काहीच नवल नव्हतं, नवल असलंच तर ते झटकन भरलं याचं होतं. त्या मिनिटाला अंगणात मला हे सुचलंही नव्हतं. मी समाधानानं म्हटलं असतं, ओलेत्याचा गारठा आहे, होऊ द्या पूजा. आता त्यांना सांगता आलं असतं की नाडी होती, पोटदुखी होती, त्यावरून ओळखलं असतं. पण त्या माझ्या डोळ्यांत पाहत होत्या.

"मग मी तिला राहू दिलं असतं, काकू."

काकूंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या पायावरची सरकलेली चादर ओढून नीट केली, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे तिला नको सांगू. तिला वाटू दे, तुला पक्कं समजलं होतं."